परासरण : रुग्णालयातील पाण्याचा हिशेब

आमच्या वार्षिक अहवालात एक तरी लेख माहितीपर असावा, असा प्रघात आहे. यंदा विषयासाठी फार शोधाशोध करावी लागली नाही. डायलिसिस कक्षाला लागणारे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा आणि तिच्या पटलांच्या बदलीचा खर्च हिशेबपत्रकात पाहून काही देणगीदारांनी व विश्वस्तांनी पृच्छा केली : "गावाला नळाचे पाणी आहे, सारे गाव तेच पिते, मग रुग्णालयाने पाण्यावर एवढा खर्च का करावा?" प्रश्न रास्त आहे. दुसरा प्रश्न रुग्णांच्या नातेवाइकांचा. तहानेने व्याकूळ झालेल्या डायलिसिसच्या रुग्णाला हवे तेवढे पाणी देऊ नका, असे परिचारिका सांगतात तेव्हा त्यांना ते निष्ठुरपणाचे वाटते. घरी आलेल्या पाहुण्यालाही आपण आधी पाणी देतो. येथे तर आपलेच माणूस पाणी मागत असते.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे निसर्गाच्या एकाच नियमापाशी येऊन मिळतात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला परासरण म्हटले आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, त्यामुळे हा विषय आम्हांस डॉक्टर मंडळींकडून समजून घ्यावा लागला. जसा समजला तसा, आमच्या परिचयाच्या जमाखर्चाच्या भाषेत, येथे मांडीत आहोत.

परासरणाची ओळख प्रयोगशाळेत नव्हे, स्वयंपाकघरात होते. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ अगदी वाढतेवेळी घालावे, आधी घातल्यास तिला पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून ठेवले की त्या मऊ पडून खाली पाणी साचते. याउलट सुकलेल्या मनुका रात्रभर साध्या पाण्यात घातल्या की सकाळी टपोऱ्या होतात. काकडीतून पाणी बाहेर आले, मनुकेत पाणी आत गेले. दिशा वेगळ्या, पण नियम एकच. ज्या बाजूला मीठ वा साखर अधिक, त्या बाजूकडे पाणी जाते.

मात्र त्यासाठी मध्ये एक विशिष्ट पडदा असावा लागतो. पाण्याला वाट देणारा आणि विरघळलेल्या पदार्थाला बव्हंशी अडवून धरणारा असा जो पडदा, त्यास निवडक्षम पारपटल म्हणतात. प्रत्येक सजीव पेशीभोवतीचे आवरण या प्रकारचे असते. पडद्याच्या दोन्ही बाजूंनी पाण्याच्या कणांची ये-जा अखंड चालू असते. दोन्हीकडे निव्वळ पाणी असेल तर जितके कण इकडून तिकडे, तितकेच तिकडून इकडे. खाते जुळलेले राहते. एका बाजूला साखर विरघळवली की त्या बाजूने परतणाऱ्या पाण्याच्या कणांची संख्या घटते, समोरून येणाऱ्यांची मात्र घटत नाही. आवक जास्त, जावक कमी. आपल्या डोळ्यांना जे पाणी वाढलेले दिसते ती या व्यवहारातील शिल्लक होय. ही शिल्लक साठत गेली की त्या बाजूचा दाब वाढतो आणि एका मर्यादेला तो दाब पाण्याची पुढील आवक थोपवून धरतो. तोच परासरण दाब.

फ्रान्समधील आबे नोले यांनी १७४८ साली मद्यार्काने भरलेले भांडे प्राण्याच्या मूत्राशयाच्या पातळ कातड्याने बंद करून पाण्यात ठेवले, तेव्हा ते कातडे फुगून वर आले. या घटनेचे गणित मांडले जाण्यास पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. ते मांडणारे डच शास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांना १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक मिळाले. त्या गणितातील आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की परासरणात पदार्थाचे वजन मोजले जात नाही, कणांची संख्या मोजली जाते.

रुग्णाच्या खाटेशेजारी टांगलेल्या बाटल्यांकडे आता निराळ्या दृष्टीने पाहता येईल. एका बाटलीवर ०.९ टक्के मीठ असे लिहिलेले असते, दुसरीवर ५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज. एका लिटरमध्ये मीठ अवघे ९ ग्रॅम आणि ग्लुकोज मात्र ५० ग्रॅम, असा फरक का? मिठाचा कण हलका असून पाण्यात विरघळताच त्याचे दोन तुकडे होतात. ग्लुकोजचा कण जड आणि अखंड राहणारा. म्हणून ९ ग्रॅम मिठातील कणांची संख्या आणि ५० ग्रॅम ग्लुकोजमधील कणांची संख्या जवळजवळ सारखी भरते, आणि दोन्ही रक्ताशी मिळतीजुळती असतात. अशा द्रावणास समपरासारी म्हणतात. शिरेतून निव्वळ शुद्ध पाणी सोडले तर ते तांबड्या रक्तपेशींत शिरून त्यांना फुगवील आणि फोडील. पाणी कितीही शुद्ध असले तरी हे टळत नाही. किंबहुना ते शुद्ध आहे म्हणूनच ही हानी होते.

येथे थोडे विषयांतर करतो. "सलाईन लावा, म्हणजे ताकद येईल," असा आग्रह अनेक नातेवाईक धरतात. मिठाच्या सलाईनमध्ये ताकद देणारे काहीच नसते. ग्लुकोजच्या ५०० मिलिलीटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पाच-सहा चमचे साखरेइतकाच ऐवज असतो. त्याची बरोबरी एका भाकरीशीही व्हायची नाही. ज्याला तोंडाने खाता-पिता येते, त्याच्या हातात सुई टोचण्याने त्याचा लाभ होत नाही, खर्च मात्र वाढतो.

तोंडाने द्यावयाच्या पाण्याची कथा याहून मोठी आहे. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तेथे उपचार करीत होते. शिरेतून द्यावयाच्या द्रावणाचा साठा संपत आला, रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडलेले. तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे मोजून केलेले मिश्रण पिण्याच्या पाण्यात विरघळवून पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजण्यास सांगितले. छावणीतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. पुढे १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या उपचारामागील शोध हा विसाव्या शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध असल्याचे म्हटले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

आम्हांस या हकिकतीत विशेष वाटते ते हे, की पिंपाशेजारी पेला घेऊन बसणारे हात नातेवाइकांचे होते.

त्या मिश्रणाने प्राण का वाचले? आतड्याला पाणी ओढून घेणारा स्वतंत्र पंप नाही. ते क्षार व ग्लुकोज आत ओढते आणि त्यांच्यामागून पाणी परासरणाने आपोआप येते. आतड्याच्या पेशींत एक असे प्रवेशद्वार आहे की ज्यातून मिठातील सोडियम व ग्लुकोज हे जोडीनेच आत जातात. पटकीमध्ये आतड्यातून पाण्याचे लोट बाहेर पडत असतानाही हे द्वार शाबूत राहते. निव्वळ पाणी पाजले तर त्याला आत नेणारी ही जोडी नसते. निव्वळ साखरेचे दाट पाणी पाजले तर उलटेच घडते : आतड्याच्या पोकळीत साखरेचे कण अधिक होतात आणि शरीरातील पाणी आतड्यात ओढले जाऊन जुलाब वाढतात. काकडीला मीठ चोळावे तसाच तो प्रकार. बाळाला जुलाब होत असता बाटलीबंद शीतपेय पाजणारे पालक आजही आढळतात. अशा पेयात लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे ग्लुकोज केवळ १३.५ ग्रॅम आहे, जोडीला मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. २००२ मध्ये सुधारलेल्या या सूत्राचे द्रावण रक्तापेक्षा किंचित पातळ ठेवले आहे, जेणेकरून पाण्याचा ओघ आतड्याकडून रक्ताकडे राहावा.

म्हणून या पुडीच्या बाबतीत माप हेच औषध आहे. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. "बाळ एवढे कुठे पिणार?" असे म्हणून पूर्ण पुडी एका पेलाभर पाण्यात कालवली तर द्रावण पाचपट दाट होते, म्हणजे रक्ताच्या चौपटीहून दाट, आणि ते बाळाच्या अंगातील उरलेसुरले पाणीही बाहेर काढते. २०० मिलिलीटरसाठी लहान पुड्याही मिळतात. पुडीवरचा मजकूर वाचूनच पाणी मोजावे. तयार द्रावण २४ तासांत संपवावे, उरल्यास टाकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्यास अर्धा ते एक कप, चमच्याचमच्याने. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. बाळ निस्तेज झाले, डोळे खोल गेले, पिणेच बंद केले, तर मात्र घरी थांबू नये, तडक रुग्णालय गाठावे. आणखी एक सूचना : फळांच्या स्वादाची काही गोड पेये या औषधाचे नाव लावून विकली जात होती. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास मनाई केली आहे. तरीही घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख वेष्टनावर आहे की नाही ते पाहावे.

आता डायलिसिसकडे वळू. यवत, भांडगाव, केडगाव, वरवंड, पाटस या पट्ट्यातून पुणे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्यास दोन्ही बाजूंना ऊस दिसतो. या भागातील शेतकऱ्याला परासरणाचे एक रूप पाठ्यपुस्तकाविना ठाऊक आहे. पाणी अति झाले, निचरा नसला की जमीन क्षारपड होते, आणि मग मुळाशी ओल असूनही ऊस पिवळा पडून सुकतो. मातीतील पाण्यात मीठ इतके होते की मुळांना ते ओढता येत नाही. शेजारच्या नीरा खोऱ्यात कालव्याचे पाणी आल्यानंतर जमिनी अशा खारावल्या, तेव्हा पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि तांबणे नव्हे, तर त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी त्या जमिनींचा अभ्यास करून १९१० साली तो प्रसिद्ध केला. भोवती पाणी असून तहानलेले पीक, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवले तर डायलिसिसच्या रुग्णाची तहानही समजू शकेल.

निकामी झालेली मूत्रपिंडे मीठ व पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. रुग्णाने जेवणात मीठ घेतले की ते रक्तात राहते, रक्तातील कणांची संख्या वाढते, पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते आणि मेंदू तहानेचा निरोप देतो. रक्ताचा खारटपणा पूर्ववत होईपर्यंत ती तहान शमत नाही. हिशेब सोपा आहे. सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ. तद्वत ९ ग्रॅम मीठ पोटात गेले की त्याला सुमारे एक लिटर पाणी हवे. ज्याची लघवी जवळजवळ बंद आहे, त्याच्या शरीरात ते लिटरभर पाणी पुढील डायलिसिसपर्यंत साठून राहते. प्रथम पायांवर सूज, मग रक्तदाब, आणि अखेर फुफ्फुसांत पाणी शिरून धाप लागते. रात्री-अपरात्री श्वास कोंडलेल्या अवस्थेत रुग्णाला घेऊन धावत येण्याची वेळ ज्या कुटुंबांवर आली आहे, त्यांना याहून अधिक सांगणे नलगे.

तेव्हा रुग्णाच्या हातून पाण्याचा पेला काढून घेण्यापूर्वी ताटातील मीठ काढावे. लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या, फरसाण, ठेचा, सुकी मासळी, यांचे कुलूप घातले की तहान पुष्कळशी आपसूक आटोक्यात येते. मीठ कायम ठेवून केवळ पाणी तोडणे म्हणजे रुग्णाचा छळ आहे, आणि तो निष्फळही ठरतो, कारण तहानेपुढे कोणाचाच निग्रह टिकत नाही. सैंधव मिठाने काही साधत नाही. तेही बव्हंशी तेच मीठ आहे. बाजारात मिळणारे 'कमी सोडियमचे' मीठ तर या रुग्णांनी डॉक्टरांस विचारल्याखेरीज घेऊच नये, कारण त्यात पोटॅशियम असते आणि ते साठल्यास हृदय बंद पडू शकते.

डायलिसिसच्या यंत्रातही पटलच काम करते. १९४३ साली, हॉलंड जर्मनीच्या ताब्यात असताना, कांपेन येथील डॉ. विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी गुंडाळून पहिले कृत्रिम मूत्रपिंड उभे केले. आजच्या डायलायझरमध्ये केसासारखे बारीक हजारो पोकळ तंतू असतात. आतून रक्त वाहते, बाहेरून क्षारांचे मोजके द्रावण. तंतूंच्या सूक्ष्म छिद्रांतून युरियासारखे लहान कण द्रावणात जातात, रक्तपेशी व प्रथिने आत राहतात. काटेकोरपणे सांगायचे तर युरियाचे हे जाणे म्हणजे विसरण. आणि जादा पाणी काढले जाते ते यंत्राने दिलेल्या दाबामुळे. पोटाच्या आतील अस्तराचा पटल म्हणून उपयोग करणारा घरगुती डायलिसिसचा जो प्रकार आहे, त्यात मात्र ग्लुकोजच्या द्रावणाकडे पाणी ओढले जाते ते खऱ्या परासरणाने. यंत्रावरील डायलिसिसमध्येही परासरण डोके वर काढते. रक्तातील युरिया फार झपाट्याने उतरला तर मेंदूतील युरिया मागे राहतो, पाणी मेंदूकडे ओढले जाते आणि डोकेदुखी, ओकारी, क्वचित झटकेही येतात. म्हणून नव्या रुग्णाच्या पहिल्या काही बैठका मुद्दाम कमी वेळाच्या ठेवतात. "आम्हांला दोनच तास का?" असे विचारणाऱ्या नातेवाइकांसाठी हे उत्तर.

आता देणगीदारांच्या प्रश्नाचे उत्तर देतो. यंत्रातून द्रावण मिनिटाला साधारण ५०० मिलिलीटर या वेगाने वाहते. चार तासांच्या एका बैठकीत १२० लिटर झाले. आठवड्यातून तीन बैठका धरल्या तर ३६० लिटर. निरोगी माणूस आठवडाभरात जेवढे पाणी पितो त्याच्या कितीतरी पट हे पाणी रुग्णाच्या रक्ताला केवळ एका पातळ पटलाच्या अंतराने भेटते. आपण पितो त्या पाण्यातील नको ते अडविण्यास आतडे असते, उरलेले बाहेर टाकण्यास मूत्रपिंड असते. या रुग्णाजवळ त्या क्षणी दोन्हीही नाहीत.

गढूळ पाणी निवळण्यास तुरटी फिरवतात. तीत ॲल्युमिनियम असते. पाण्यातील हे ॲल्युमिनियम डायलिसिसच्या रुग्णांच्या मेंदूत व हाडांत साठून स्मृतिभ्रंश व अस्थिविकार होतात, हे १९७० च्या दशकात परदेशांत उघड झाले. ग्रामपंचायत टाकीत टीसीएल पावडर टाकते ती योग्यच आहे, तिच्यामुळे गाव पटकी-काविळीपासून वाचते. परंतु क्लोरीनची काही संयुगे थेट रक्ताला भेटली तर तांबड्या पेशी फुटतात. बोअरच्या पाण्यातील क्षार, ज्यांचा पांढरा थर आपल्या घागरींवर दिसतो, तेही उपद्रवी. १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू येथे शेवाळाचे विष असलेले तलावाचे पाणी पुरेसे शुद्ध न होता डायलिसिसला वापरले गेले आणि पन्नासाहून अधिक रुग्ण दगावले. गावाला पिण्यास चालणारे पाणी या रुग्णास का चालत नाही, ते यावरून ध्यानी यावे.

यावर उपाय म्हणजे परासरण उलटे फिरविणे. क्षारयुक्त पाण्याच्या बाजूने परासरण दाबाहून अधिक दाब दिला की पाणी आपली स्वाभाविक दिशा सोडून क्षारांकडून शुद्ध बाजूकडे जाऊ लागते. हे साधणारे कामचलाऊ पटल १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब व श्रीनिवास सौरीराजन यांनी तयार केले. दुसरे नाव आपल्या भारतीयाचे, याचा आम्हांस अभिमान वाटतो. आमच्या यंत्रणेत पाणी आधी वाळूच्या गाळणीतून, मग कठीणपणा काढणाऱ्या टाकीतून व कोळशाच्या टाकीतून जाते आणि शेवटी पटलापाशी पोहोचते. कोळसा क्लोरीन शोषून घेतो. तो वेळेवर बदलला नाही तर रुग्णास धोका पोहोचतोच, शिवाय महागडे पटलही खराब होते. कोळशावर केलेली काटकसर पटलाच्या खात्यावर व्याजासह वसूल होते, असे म्हणण्यास हरकत नाही. पटलाची कार्यक्षमता कालांतराने घटते. क्षार त्यावर बसतात. म्हणून पाण्याची रोज तपासणी, नळ्यांचे ठरावीक मुदतीने निर्जंतुकीकरण आणि पटलांची बदली ही खर्चाची बाब दरवर्षी येणार. खाट, पंखा, रुग्णवाहिका यांवर देणगीदाराचे नाव लिहिता येते. यंत्रणेच्या पोटातील पटलावर ते लिहिता येत नाही, हे आम्ही जाणतो. गतवर्षी ज्यांनी हे ठाऊक असूनही याच खात्यावर देणगी दिली, त्यांचे आम्ही विशेष ऋणी आहोत.

राहिला प्रश्न यंत्रणेतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. आत गेलेल्या पाण्यापैकी सारेच शुद्ध होऊन मिळत नाही. बराच भाग क्षार घेऊन दुसऱ्या नळीने बाहेर जातो. उन्हाळ्यात टँकर मोजून घेणाऱ्या गावात हे पाणी गटारात सोडणे मनाला पटत नाही. ते वेगळ्या टाकीत साठवून शौचालये व फरशी धुण्यासाठी वापरतो. आवारातील झाडांना ते घालावे अशी सूचना काही हितचिंतकांनी केली होती. परंतु त्यातील क्षार आपल्या काळ्या जमिनीत साठून राहतील आणि कालांतराने झाडांच्या मुळांना तेच सोसावे लागेल जे क्षारपड रानातील उसाला सोसावे लागते, म्हणून बागेचा नळ त्या टाकीला जोडलेला नाही.